कुंपण घाला, पण या पैशातून नको

साताऱ्यात पोवई नाक्यावरून एखादा मोर्चा कलेक्टर कचेरीकडे निघाला की त्याच्या आधी बॅरिकेड पोचलेले असतात. मोर्चा ऊसदराचा असो, पाण्याचा असो, आरक्षणाचा असो की अंगणवाडी सेविकांचा. शिष्टमंडळातल्या चार-पाच जणांना आत सोडतात, बाकीचे बाहेर उन्हात घोषणा देत बसतात. ही लोखंडी चौकट कोणाच्या सांगण्यावरून आली, कुठल्या पैशातून आली, आणि उद्या तिच्या जागी पक्की भिंत उभी राहिली तर ते कोणाला विचारून होईल, हे मोर्चातलं कोणी विचारत नाही. त्यांची लढाई दुसऱ्याच प्रश्नासाठी असते.

अमेरिकेत मात्र हा प्रश्न थेट संसदेपुढे विधेयक म्हणून आला. त्याचा आशय एवढाच: संसदभवनाभोवती कायमचं कुंपण घालायला केंद्र सरकारचा पैसा वापरता येणार नाही. अशी बातमी वाचली की डोकं थोडं चक्रावतं. कुंपण नको असेल तर 'कुंपण घालू नये' असं सरळ म्हणा की, मध्येच पैसा कुठून आला? आणि भवनावर हल्ला होऊन जेमतेम महिना उलटला असताना कुंपणाला विरोध करायचं कोणाला कसं सुचलं?

वॉशिंग्टनमध्ये काय झालं होतं

६ जानेवारी २०२१ रोजी अध्यक्षपदाच्या निवडणुकीच्या निकालावर शिक्कामोर्तब होत असताना जमाव अमेरिकेच्या संसदभवनात घुसला. दुसऱ्याच दिवसापासून इमारतीभोवती पुरुषभर उंचीहून मोठं लोखंडी जाळीचं कुंपण उभं राहू लागलं. त्यावर पात्यांच्या तारेची वेटोळी आली, बंदोबस्ताला नॅशनल गार्डचे हजारो जवान आले. तोवर त्या टेकडीवर लोक सकाळी पळायला जायचे, थंडीत पोरं उतारावरून घसरायची. ते सगळं बंद झालं.

जानेवारीच्या अखेरीस संसदभवनाच्या पोलीस दलाच्या हंगामी प्रमुख योगानंदा पिटमन यांनी हे कुंपण कायमचं करावं अशी मागणी केली. फेब्रुवारीत वॉशिंग्टन शहराच्या प्रतिनिधी एलिनॉर होम्स नॉर्टन यांनी वर सांगितलेलं विधेयक मांडलं. गंमत अशी की वॉशिंग्टन हे राज्य नसल्यामुळे तिथल्या प्रतिनिधीला सभागृहात बोलता येतं, विधेयक मांडता येतं, पण अंतिम मतदानात भाग घेता येत नाही. ज्यांच्या दारात कुंपण पडलं त्यांच्या बाईंनी विधेयक आणलं, आणि त्यावर मत देण्याचा अधिकार बाकी सगळ्या देशाला, त्यांना सोडून.

बंदी कुंपणावर नाही, पैशावर

गावच्या यात्रेची वर्गणी जमते तेव्हा काय होतं ते आठवा. पारावर बैठक बसते, हिशेब वाचला जातो आणि कोणीतरी जाणता माणूस म्हणतो, "यंदाच्या वर्गणीतून डीजे लावायचा नाही." सगळे माना डोलावतात. या ठरावाने गावात डीजे बंद होत नाही, कारण ती बंदी घालायचा अधिकार बैठकीला नाहीच. बैठकीच्या हातात वर्गणीची थैली आहे, आणि थैली कशासाठी सुटेल हे ती ठरवू शकते. एखाद्या हौशी पुढाऱ्याने स्वतःच्या खिशातून डीजे आणला तर ठराव मोडला असंही म्हणता येत नाही.

खर्चावरचे कायदेशीर निर्बंध नेमके असेच चालतात. सरकारी तिजोरीतली रक्कम अमुक कामासाठी वापरायला विधिमंडळ जी परवानगी देतं तिला विनियोजन म्हणतात. अमेरिकेच्या राज्यघटनेत स्पष्ट लिहिलं आहे की कायद्याने विनियोजन झाल्याशिवाय तिजोरीतून पैसा काढता येणार नाही. त्यामुळे परवानगी देताना संसद हळूच एक वाक्य जोडू शकते: 'यातला पैसा अमुक कामाला वापरू नये.' ते वाक्य आलं की त्या कामाचा सरकारी रस्ता बंद. मंजुरी नसताना जाणूनबुजून खर्च करणाऱ्या अधिकाऱ्याला तिथल्या कायद्यात ५,००० डॉलरपर्यंत दंड आणि दोन वर्षांपर्यंत कैद अशी तरतूद आहे. साहेबांनी तोंडी सांगितलं म्हणून केलं, ही सबब तिथे चालत नाही.

मग सरळ बंदी का नाही? एक तर सुरक्षेचे निर्णय रोजच्या रोज घ्यावे लागतात. कुठे काय उभं करावं याची यादी कायद्यात लिहीत बसणं शक्य नाही. दुसरं म्हणजे पैशावरचं नियंत्रण हा लोकप्रतिनिधींच्या हातातला सगळ्यात जुना आणि सगळ्यात पक्का अधिकार. आदेश कसा पाळायचा यावर वाद घालता येतो. बिल पास झालं नाही तर ठेकेदार दुसऱ्या दिवशी कामावर येत नाही, इतकं ते साधं आहे.

अडथळा नक्की कशापासून वाचवतो

इथे थोडं थांबायला हवं, कारण कुंपण, भिंत, बॅरिकेड आणि रस्त्याकडेचे जाड खांब आपण एकाच पोत्यात भरतो. त्यांची कामं मात्र वेगवेगळी असतात.

१९ एप्रिल १९९५ रोजी ओक्लाहोमा शहरात केंद्र सरकारच्या कार्यालयासमोर स्फोटकांनी भरलेला ट्रक उभा करून उडवण्यात आला. १६८ माणसं गेली. ट्रक इमारतीला अगदी लागून उभा होता, हे त्या संहाराचं मोठं कारण. स्फोटाचा दाब अंतरागणिक झपाट्याने उतरतो. अंतर दुप्पट केलं तर दाब निम्म्याहून कितीतरी खाली येतो. म्हणून त्यानंतर अमेरिकेत सरकारी इमारतींपासून वाहनं लांब ठेवण्यावर भर आला. पुढच्याच महिन्यात व्हाइट हाऊससमोरचा रस्ता वाहनांना बंद झाला. जमिनीत खोल पुरलेले पोलादी खांब, सिमेंटच्या जड कुंड्या, खालून वर उठणारी फळी ही सगळी वाहन अडवणारी साधनं. माणूस त्यांच्यामधून आरामात चालत जातो. लोकांचं येणं-जाणं न थांबवता धोका कमी करण्याचा हा त्यातल्या त्यात सभ्य मार्ग.

कुंपण माणसाला अडवतं, किंवा निदान उशीर करायला लावतं. सप्टेंबर २०१४ मध्ये एक माणूस व्हाइट हाऊसचं कुंपण ओलांडून हिरवळीवरून पळत थेट इमारतीत शिरला, तेव्हा ते कुंपण ठेंगणं आहे हे सगळ्यांना दिसलं आणि पुढे तिथे सुमारे तेरा फुटी कुंपण आलं. यात गैर काही नाही. तिथे एक कुटुंब राहतं आणि धोका कायमचा आहे.

संसदभवनाची गोष्ट निराळी होती. ६ जानेवारीलाही तिथे अडथळे होते, आपल्याकडे असतात तसलेच हलके लोखंडी बॅरिकेड. त्यांच्यामागे माणसंच पुरेशी नव्हती. येणाऱ्या धोक्याची माहिती असूनही ती योग्य ठिकाणी पोचली नाही आणि जादा कुमक यायला तासन्तास लागले, हे नंतरच्या चौकशांमधून पुढे आलं. माहिती आणि माणूसबळ यांची उणीव कुंपणाने भरून निघत नाही. पण कुंपण दिसतं, फोटोत येतं, 'काहीतरी केलं' असं दाखवता येतं. माझ्या मते कुंपणाच्या मागणीत हा भाग मोठा असतो, वॉशिंग्टनमध्येही आणि आपल्याकडेही.

आपल्याकडचा धोका तर आणखी वेगळा. १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारी जवळ आले की जिल्ह्याच्या मुख्यालयात आत्मदहनाच्या इशाऱ्यांचे अर्ज येऊ लागतात. कोणाची जमिनीची मोजणी अडकलेली, कोणाचा रस्ता शेजाऱ्याने अडवलेला, कोणाचं पुनर्वसन कागदावरच. त्या दिवशी फाटकावर पिशव्या तपासतात, पाण्याच्या बाटलीचा वास घेऊन बघतात. तपासणी हवीच, तिने जीव वाचतात. मंत्रालयात २०१८ साली मधल्या मोकळ्या जागेवर जाळी लावली, तीही अशाच कारणाने. पण जाळी लावणारं खातं आणि अर्ज अडवून ठेवणारं खातं एकाच छताखाली बसतं, हेही खरं आहे.

'सुरक्षेतलं राजकारण्यांना काय कळतं?'

हा आक्षेप पहिला येतो आणि तो हलका नाही. २ एप्रिल २०२१ रोजी, म्हणजे बाहेरचं मोठं कुंपण काढून दोन आठवडेही झाले नव्हते तोच, एकाने संसदभवनाच्या उत्तर बाजूच्या नाक्यावर गाडी घातली. त्यात एक पोलीस अधिकारी मारला गेला. कुंपण हवं म्हणणाऱ्यांचा आवाज साहजिकच चढला. उद्या काही झालं तर खर्च अडवणारे जबाबदारी घेणार आहेत का?

उत्तर दोन भागांत द्यावं लागेल. पहिला भाग अधिकाऱ्याच्या खुर्चीचा. सुरक्षाप्रमुखाकडून एकच अपेक्षा असते, काही विपरीत घडू नये. कुंपण कमी पडलं तर त्याची नोकरी जाते. कुंपण जास्त झालं, लोकांचं येणं बंद झालं, त्याबद्दल त्याला कोणी जाब विचारत नाही. अशा खुर्चीतून 'आणखी उंच, आणखी लांब' हाच सल्ला येणार. तो प्रामाणिक असतो, पण एकतर्फी असतो. म्हाताऱ्या माणसाला कचेरीतल्या कामासाठी अर्धा किलोमीटर जास्त चालावं लागलं, हे त्या हिशेबात कुठेच धरलं जात नाही. ते धरायला दुसरं कोणीतरी लागतं आणि लोकशाहीत ते काम निवडून आलेल्यांचं.

दुसरा भाग असा की पैसा अडवणं म्हणजे सुरक्षा अडवणं नव्हे. हल्ल्यानंतर निवृत्त लेफ्टनंट जनरल रसेल होनोरे यांच्या नेतृत्वाखालच्या गटाने सुरक्षेचा आढावा घेतला. त्यांनी जास्त पोलीस, चांगली गुप्तवार्ता आणि गरजेपुरतं उभं करून पुन्हा काढता येईल असं कुंपण सुचवलं. २० मे २०२१ रोजी प्रतिनिधिगृहाने सुरक्षेसाठी १.९ अब्ज डॉलरचं विधेयक २१३ विरुद्ध २१२ मतांनी मंजूर केलं, म्हणजे अवघ्या एका मताने. जुलैअखेर अध्यक्षांची सही झालेला कायदा सुमारे २.१ अब्जांचा होता. नॉर्टन बाईंचं विधेयक स्वतंत्र कायदा म्हणून कधीच पास झालं नाही. तरी त्याच जुलैत उरलेलं कुंपणही निघालं आणि कायमचं कुंपण आलं नाही. विधेयक पडूनही काम कधीकधी असं होतं: ते मांडलं गेल्यामुळे खर्चाचा विषय बंद खोलीतून सभागृहात येतो आणि तिथे त्याला पाठीराखे सापडत नाहीत.

वडूजची कचेरी आणि वॉशिंग्टनचं भवन

आमच्या भागात आणखी एक आक्षेप निघतो, तो जरा अडचणीचा आहे. ६ जानेवारीचा जमावसुद्धा 'हे घर आमचं' असंच ओरडत आत घुसला होता. मग सार्वजनिक इमारत लोकांची असते, हे आपण कोणत्या तोंडाने सांगायचं?

१९४२ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात जुन्या सातारा जिल्ह्यात कचेऱ्यांवर मोर्चांची मालिका झाली. कराड, मग ३ सप्टेंबरला तासगाव. तिथे कचेरीवर तिरंगा लागला. ९ सप्टेंबरला वडूजच्या कचेरीवर निघालेल्या मोर्चावर गोळीबार झाला, परशुराम घार्गे आणि त्यांचे साथीदार हुतात्मे झाले. दुसऱ्याच दिवशी इस्लामपुरात पुन्हा गोळीबार. त्या कचेरीत बसणाऱ्या सरकारला कोणी मत दिलेलं नव्हतं आणि ते बदलायला मतपेटीही नव्हती. वॉशिंग्टनचा जमाव उलट मतमोजणी थांबवायला आला होता. दोन्हीकडे लोक, दोन्हीकडे सरकारी इमारत, एवढ्याने दोन्ही गोष्टी एक होत नाहीत. दार उघडं असावं हा आग्रह तक्रार घेऊन येणाऱ्यासाठी आहे. निकाल उलटवायला येणाऱ्याला अडवायचंच, आणि त्यासाठी पोलीस लागतात.

पैसा अडवला तरी वाट काढणारे

वर्गणीच्या ठरावाला जशा पळवाटा असतात तशाच कायद्यालाही. याचं सगळ्यात मोठं उदाहरण मेक्सिको सीमेवरच्या भिंतीचं. तेव्हाच्या अध्यक्षांनी ५.७ अब्ज डॉलर मागितले. संसद देईना म्हणून २०१८-१९ च्या हिवाळ्यात ३५ दिवस सरकारी कामकाज अंशतः बंद पडलं. शेवटी संसदेने १.३७५ अब्ज दिले, तेही अटी घालून. टेक्सासमधली काही ठिकाणं त्या पैशातून वगळली होती, त्यात एक राखीव अभयारण्य होतं आणि चक्क फुलपाखरांचं एक उद्यानही होतं. अध्यक्षांनी त्या कायद्यावर सही केली आणि त्याच दिवशी, १५ फेब्रुवारी २०१९ ला, राष्ट्रीय आणीबाणी जाहीर करून लष्कराचे पैसे भिंतीकडे वळवले. प्रकरण न्यायालयात गेलं. दरम्यान सर्वोच्च न्यायालयाने त्यातला २.५ अब्जांचा खर्च तात्पुरता चालू राहू दिला. म्हणजे थैलीला गाठ मारली तरी शेजारच्या थैलीत हात घालता येतो.

दुसरी पळवाट काळाची. बंदी 'कायमच्या' कुंपणावर असते, तात्पुरत्यावर नसते. भाड्याने आणलेलं कुंपण मुदतवाढ घेत किती दिवस उभं राहू शकतं याला कायद्यात मर्यादा घातली नाही, तर बंदीला अर्थ उरत नाही. संसदभवनाभोवती सप्टेंबर २०२१ मध्ये, मार्च २०२२ मध्ये आणि पुन्हा जानेवारी २०२५ मध्ये असं तात्पुरतं कुंपण उभं राहिलं. प्रत्येक वेळी निघालंही, हे त्यांचं नशीब.

तिसरी पळवाट आपल्या रोजच्या पाहण्यातली. चौकातल्या पोलिसी बॅरिकेडवर सराफाच्या दुकानाची, नाहीतर क्लासची जाहिरात असते. देणगीदाराने दिलेले बॅरिकेड! सरकारी खर्चच नाही, तर खर्चावर निर्बंध कसला घालणार? अमेरिकेत खात्यांना कायद्याने मुभा दिली नसेल तर अशा देणग्यांनी आपला निधी वाढवता येत नाही, म्हणून तिथे ही वाट अरुंद आहे. आपल्याकडे ती हमरस्ता आहे.

आपल्या विधानसभेत असं वाक्य जोडता येईल का?

नाही, निदान अमेरिकेसारखं नाही. आपली घटना इथे वेगळी वाट धरते. अनुच्छेद २०३ नुसार प्रत्येक खात्याच्या खर्चाची मागणी विधानसभेपुढे येते. सभागृह ती मंजूर करू शकतं, नाकारू शकतं किंवा रक्कम कमी करू शकतं. मागण्या मंजूर झाल्या की विनियोजन विधेयक येतं, आणि अनुच्छेद २०४ त्याबाबत बजावून सांगतो की मंजूर रक्कम बदलेल किंवा ती ज्या कामासाठी आहे ते काम बदलेल अशी दुरुस्ती मांडताच येणार नाही. केंद्रात अनुच्छेद ११४ तेच सांगतो. म्हणजे 'यातला पैसा भिंतीला वापरू नये' ही शेपटी आपल्या विनियोजन विधेयकाला चिकटवता येत नाही.

उरते कपात सूचना. एखादी मागणी ठरावीक रकमेने किंवा नाममात्र १०० रुपयांनी कमी करा, असं सदस्य सुचवू शकतो. त्या निमित्ताने चर्चा होते. पण कपात सूचना मंजूर होणं म्हणजे सरकारने विश्वास गमावणं असा संकेत असल्याने सत्ताधारी बाकावरचा माणूस तिला हात लावत नाही. शिवाय चर्चेची वेळ संपली की उरलेल्या सगळ्या मागण्या एकदम मताला टाकून विनाचर्चा मंजूर होतात. अशासकीय विधेयक, म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्याने आणलेलं, हा तिसरा मार्ग. पण संसदेत १९७० नंतर असं एकही विधेयक कायदा झालेलं नाही. आपल्याकडे खर्चाची नाडी कागदोपत्री सभागृहाच्या हातात आहे, प्रत्यक्षात ती अर्थ खात्याच्या खणात असते.

मग इथे हिशेब कसा विचारायचा

प्रत्येक सरकारी रुपयावर एक लेखाशीर्ष असतं. कार्यालयात त्याला नुसतं 'हेड' म्हणतात. कचेरीला संरक्षक भिंत घालायची तर बांधकाम खातं अंदाजपत्रक करतं, मग प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश असा कागद फिरतो. मोठं काम अर्थसंकल्पात किंवा पुरवणी मागण्यांत नावानिशी दिसतं. किरकोळ काम देखभाल-दुरुस्तीच्या ढोबळ तरतुदीत विरघळून जातं, आणि लोकांना अडवणारी बरीचशी कामं किरकोळच असतात: एक फाटक कायमचं बंद करणं, एक जाळी, दोन खांब. त्यांवर सभागृहात कधी चर्चा होत नाही.

माहिती अधिकाराच्या अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो आणि उत्तराला तीस दिवसांची मुदत आहे. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय, तोही दीडशे शब्दांत. सुरक्षा आराखडा मागितला तर कलम ८ दाखवून नकार येईल, आणि तो बहुतेक वेळा योग्यच असेल. कॅमेरे कुठे आहेत, पहारा किती वाजता बदलतो, हे कोणी सांगू नये. पण भिंतीला किती खर्च आला, कुठल्या हेडमधून, प्रशासकीय मान्यता कोणत्या तारखेची, बॅरिकेड खरेदीचे की देणगीचे, दुसरं फाटक बंद करण्याचा लेखी आदेश कोणाच्या सहीचा, या प्रश्नांत गुप्त काही नाही. अर्ज त्या कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे करायचा आणि पोच घ्यायची. उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर तीस दिवसांत पहिलं अपील त्याच कार्यालयातल्या वरिष्ठांकडे करता येतं आणि तिथेही नकार आला, तर दुसरं राज्य माहिती आयोगाकडे.